जयवंताबाईंच्या वहीत रायभानचे आकडे

धावड्याचे रायभान चाळीस वर्षे मेंढ्यांमागे चालले. एवढ्या काळात ते स्वतःसाठी कधी दवाखान्यात गेल्याचे गावात कुणाला आठवत नाही. पत्नी जयवंताबाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला, तेव्हा त्यांनी कळप धाकट्या भावाच्या हवाली केला आणि चूल हाती घेतली. एकसष्टाव्या वर्षी ते भाकरी थापायला शिकले. सुरुवातीला प्रत्येक भाकरी तव्यावर फाटायची. जयवंताबाई अंथरुणातून म्हणायच्या, "अवो, भाकर थापून राह्यले का मेंढीची पाठ?" पाचव्या दिवशी भाकरी टम्म फुगली. ती त्यांनी ताटलीत घालून आधी दाखवली, मग खाऊ घातली.

केमोचे सहा डोस द्यायचे होते. तिसऱ्या वेळी जयवंताबाईंचा बीपी वाढलेला निघाला आणि डोस आठ दिवस लांबला. परतीच्या एसटीत रायभान बोटांवर दिवस मोजत राहिले. डोस चुकला तर गाठ पुन्हा धरेल, एवढेच त्यांच्या डोक्यात होते.

तिसरा डोस उशिरा झाला, तेव्हा चौथ्या डोसाआधी सात दिवस रोज सकाळी बीपी मोजून वहीत लिहा, असे डॉक्टरांनी बजावले होते. गावच्या आशा कार्यकर्त्या दैवशाला यांनी मशीन आणून दिले. दंडाला पट्टा कसा बांधायचा, बटण कुठे दाबायचे, सगळे शिकवले. आकड्याचा अर्थ डॉक्टर लावतील, असे ठरले.

अडचण वेगळीच होती. मळमळीने हैराण झालेल्या जयवंताबाईंचा डोळा नेमका सकाळी लागायचा. रायभान पट्टा घेऊन उशाशी उभे राहत. उठवणे जिवावर येई. मग त्यांनी कळपाचा हिशेब लावला. एका जागी बसणाऱ्या, एका चाऱ्यावरच्या मेंढ्यांपैकी एकीला हात लावला की दुसरीचे कळते. इथेही घर एक, मीठ एक, पाणी एक. त्यांनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला आणि येईल तो आकडा लिहिला. सातही दिवस.

शहरातल्या हॉस्पिटलात सिस्टर तृप्ती यांनी जयवंताबाईंचा बीपी घेतला. एकशे छत्तीस. डॉक्टरांनी वही उघडली. १७२, १६८, १७६.

"आज बरा आहे, पण आठवडाभर हे असं असेल तर डोस नाही देता येणार. आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा."

रायभान उभेच राहिले. "साहेब, ते आकडे हिचे न्हाईत. माझे हायेत."

"तुमचे?"

"ही झोपल्ती. म्हणलं, एका घरातले, बराबर तेच येईल."

डॉक्टर काही बोलायच्या आत सिस्टरांनी पट्टा त्यांच्या दंडाला बांधला होता. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"घ्या," जयवंताबाई म्हणाल्या, "मेंढरू धड अन् मेंढकाच आजारी!"

जयवंताबाईंचा बीपी अर्ध्या तासात आणखी दोनदा मोजला. ठीक होता. चौथा डोस त्याच दिवशी लागला. रायभानच्या हाती गोळ्यांची चिठ्ठी आली. डॉक्टर म्हणाले, "पेशंटची झोप उडते, छाती धडधडते, बीपी चढतो. सांभाळणाऱ्याचंही पुष्कळदा तसंच होतं. तुमचा हिशेब अगदीच खोटा नव्हता, बाबा. पण अंदाज नको. दोघांचं मोजा, वेगवेगळं लिहा."

तेव्हापासून वहीत दोन रांगा आहेत. डोसाची तारीख जवळ आली की दोन्ही रांगांतले आकडे चढत. हे आधी जयवंताबाईंच्या लक्षात आले. त्यांनी दैवशाला यांना रोज सकाळी दोन तास सोबतीला बोलावले आणि नवऱ्याला फर्मावले, "मेंढ्यांकडं जाऊन या. तुम्ही असं तोंड पाडून उशाशी बसले, तर मंग माझा कसा उतरायचा?"

रायभान कुरकुरले, पण गेले. आठवड्याभरात त्यांचा आकडा दीडशेच्या खाली आला. जयवंताबाईंचाही उतरला. पाचवा डोस तारखेवर झाला.

सहाव्या डोसाच्या सकाळी जयवंताबाई आपण होऊन उठून बसल्या. पट्टा आधी त्यांनी नवऱ्याच्या दंडाला बांधला. १३८. मग स्वतःचा हात पुढे केला. १३२. रायभाननी दोन्ही आकडे आपापल्या रांगेत लिहिले, वही पिशवीत टाकली आणि दोघे पहिल्या एसटीला निघाले.