डिम लाइन आणि आमच्या यांचं बोट

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सावनेरला माझ्या धाकट्या भावाच्या, विनोदच्या लग्नाचा मांडव पडला होता... आणि परीक्षा होती माझ्या नवऱ्याची.

आमच्या यांची नागपुरात साउंड सर्व्हिस. एक रेकॉर्ड प्लेअर, दोन भोंगे आणि जिवापाड जपलेल्या रेकॉर्डी. विनोदला मात्र सीताबर्डीहून नवाकोरा कॅसेट डेक भाड्याने आणायचा होता. मीच हट्ट धरला, वाजेल तर आमच्याच घरचं वाजेल! माहेरात नवऱ्याची मान खाली जाऊ नये, एवढंच मनात होतं.

आदल्या दिवशी विनोदने मित्राच्या टेपरेकॉर्डरवर एक कॅसेट लावली. अमेरिकेत पोरं फिरती रेकॉर्ड हाताने मागे-पुढे ओढून वाजवतात म्हणे... नुसतं चिर्र-चुक, चिर्र-चुक! यांनी मन लावून ऐकलं आणि कळवळून विचारलं, "तिकडंबी लाइन डिम राह्यते काय गा?"

अख्खा मांडव हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे उन्हाळ्यात लाइन डिम झाली, म्हणजे विजेचं व्होल्टेज पडलं, की रेकॉर्ड मंदावायची, गाणारी बाई पुरुषाच्या आवाजात रडू लागायची. मग हे बोटाने रेकॉर्ड हळूच ढकलत गाण्याची चाल सांभाळायचे. त्यांना वाटलं, तिकडचेही बिचारे तेच करत असतील.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, मंडळी नाचायला उतरली... आणि नेमकी लाइन डिम! हे जावयाची मानाची खुर्ची सोडून धावले. बोट टेकवलं, गाणं चालीवर आलं. तेवढ्यात लाइन फुल झाली, रेकॉर्ड सुसाट सुटली... आणि यांनी घाबरून ती मागे ओढली. चिर्र-चुक!

मी डोळेच मिटले.

"भाऊजी, हेच!" मुंडावळ्या सावरत विनोद ओरडला. "कॅसेटमंधी हेच व्हतं! अजून एकदा!"

हे माझ्याकडे बघायला लागले. सुईखाली त्यांची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड होती. मी म्हटलं, "पाहून काहून राह्यले? ओढा नं!"

मग काय... अर्धा तास मांडवात नुसता धुमाकूळ. रेकॉर्ड कामातून गेली, सुईही गेली. यांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र जाईना.

निघताना नवरदेवाने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. यांचं मशीन स्वतः उचललं आणि टेम्पोत नीट ठेवलं. तेव्हा म्हणायचं राहून गेलं... विनोद, आज सगळ्यांसमोर म्हणते, थँक यू रे.