वन्संची वाऱ्याशी भाऊबंदकी

माणसाचं भांडण सासूशी असतं, शेजाऱ्याशी असतं, फार तर वेळेवर न येणाऱ्या नळाशी असतं. थेट वाऱ्याशी भाऊबंदकी असलेली बाई मी जन्मात एकच पाहिली, ती म्हणजे माझी नणंद. त्या भाऊबंदकीत मी कशी मधे पडले हे सांगायचं तर आधी माझा गाढवपणा कबूल करायला हवा. मागच्या हिवाळ्यात गच्चीवर दोन काळ्या, खोलगट, सुपाएवढ्या वस्तू उन्हात ठेवलेल्या दिसल्या. मला वाटलं, वाळवणाला आता फायबरची सुपं निघाली असतील. मी आवळ्याचे तुकडे करून, मीठ चोळून त्यांत पसरले. संध्याकाळी आवळे निघाले आणि आवळ्यांबरोबर रंगही निघाला. ती सुपं नव्हती. मोटरसायकलच्या पुढच्या बाजूला, पायांवर येणारा वारा अडवायला बसवतात ती फेअरिंग होती, आणि वन्संनी ती सकाळीच रंगवून ठेवली होती. वन्सं आल्या, डाग न्याहाळले, वरचा एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलं."

वन्सं माझ्याहून वयानं लहान. पण लग्नाच्या दिवशीच सासूबाईंनी "हिला अहो-जाहो करायचं" म्हणून बजावलं, त्यामुळं वडिलांची फटफटी घेऊन गल्लीतून सुसाट जाणाऱ्या पोरीला मी आजतागायत वन्सं म्हणते. तेव्हाची मी म्हणजे अकलेचा कांदा. पहिल्या माहेरपणाला पिशोरला गेले आणि आईच्या गळ्यात पडून रडले, "नणंद फटफटी चालवती, आता माझ्या लेकरांवर काय संस्कार होणार?" लेकरं अजून व्हायची होती. वन्संच्या मागं पहिल्यांदा बसले तेव्हा धरायचं कुठं ते कळेना, म्हणून मी त्यांची लांब वेणीच लगामासारखी हाताला गुंडाळली. गाडी जोरात गेली की ओढायची. मंडईत पोचल्यावर त्यांनी मान चोळली आणि एवढंच म्हणाल्या, "वहिनी, ब्रेक खाली असतो, केसांत नाय."

लग्न त्यांनी केलं नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि सुट्टी मिळाली की गाडी काढली. प्रत्येक रस्त्याच्या वाऱ्याला त्या ओळखून असत, आणि ओळख फारशी चांगली नसे. "पैठण रस्त्याचा वारा भोळा, तोंडावर बोलतो. खुलताबादचा मात्र लई खवचट, मागून कानात शिरतो." निघायच्या आधी अंगणात बोट ओलं करून वर धरायचं, स्वेटरच्या आत जुनी वर्तमानपत्रं कोंबायची आणि वाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात "आज बघतेच" म्हणायचं, हा त्यांचा रिवाज. चालताना त्या कागदांचा असा आवाज व्हायचा की माझे यजमान म्हणायचे, "ही आली की रद्दीवाला आला असं वाटतं." यजमान गेले त्या वर्षी थंडी पडल्यावर वन्सं दारात गाडी लावून म्हणाल्या, "चला वहिनी, पिशोरला. हुरडा आलाय." तेव्हापासून दर हिवाळ्याला आम्ही दोघी त्या मोटरसायकलवर माझ्या माहेरी जातो. माझा भाऊ कार पाठवतो म्हणतो. मी त्याला म्हणते, कारला वेणी नसते.

पण म्हातारपण वाऱ्याचा पक्ष घेतं. वन्संच्या गुडघ्यांत वात शिरला. लांबच्या सहली सुटल्या, पिशोर तेवढं राहिलं, आणि एका खेपेला तिथून आल्यावर आठवडाभर त्यांना जिना चढता येईना. माझ्या मुलानं तोंड कडू करून निकाल दिला, "आत्या, यंदा जाऊन या. पण गुडघे सुजले तर गाडी विकायची."

वन्सं म्हणाल्या, "कबूल." आणि त्याच दिवशी कूलरचं खोकं कापायला बसल्या.

आधी पुठ्ठ्याचा आकार केला. वारा नेमका कुठून येतो ते दिसावं म्हणून माझ्या अर्धवट विणलेल्या स्वेटरची लाल लोकर उसवून तिचे धागे गाडीच्या लेगगार्डला बांधले. मग त्या गाडीवर, आणि शेजारून मुलाच्या कारमध्ये मी, अशी आमची वरात पैठण रस्त्यानं चितेगावपर्यंत. धागे कुठं उडतात ते मी काच खाली करून ओरडून सांगायचं. "वन्सं, डावा धागा पोटाकडं, उजवा गुडघ्याकडं." परत आल्यावर पुठ्ठा इंचभर कापायचा, की पुन्हा चितेगाव. स्वेटर संपला तेव्हा आकार ठरला. रिक्षाचं फायबरकाम करणारे एक मिस्त्री होते, त्यांनी पुठ्ठा उलटा-सुलटा करून विचारलं, "आपा, गाडी को कान लगाने के क्या?" वन्सं म्हणाल्या, "हौ मियाँ, मेरी कोई सुनता नहीं, गाडी तो सुनेगी." इंजिनाला हवा लागावी म्हणून त्यांनी मधे खिडकी ठेवायला लावली. पुढं त्या रंगाचं मी काय केलं ते सांगितलंच आहे. रंगाचा दुसरा हात द्यायला वन्सं तयार नव्हत्या. डागांसकट फेअरिंग गाडीला लागली.

निघालो त्या सकाळी दात कुडकुडत होते. खुलताबादचा घाट चढताना वन्सं चक्क गुणगुणत होत्या. इंजिनाची ऊब फेअरिंगच्या आत कोंडून त्यांच्या गुडघ्यांना शेक देत होती. आणि अडवलेला वारा? तो काही माघारी फिरला नव्हता. वन्संच्या पायांना वळसा घालून तो नेमका माझ्या गुडघ्यांवर येऊन आदळत होता. चितेगावच्या साऱ्या फेऱ्यांत मी कारमध्ये बसून धागे मोजले. मागच्या सीटवर कुणी बसलंच नव्हतं, तर तिथं धागा कोण बांधणार? मी तोंडात पदर धरून बसले. बोलले असते तर त्यांनी तिथूनच गाडी वळवली असती.

पिशोरला वन्सं टुणकन उतरल्या. मला भावानं आणि भावजयीनं उचलून उतरवलं. पाय तसेच बसलेल्या आकारात. तेवढ्यात मुलाचा फोन. "आई, खरं सांग, आत्याचे गुडघे कसे आहेत?" मी म्हणाले, "देवाशपथ, एकदम ठणठणीत." माझे त्यानं विचारले नाहीत.

शेतात आगटीवर कणसं भाजत होती. भाऊ गरम दाणे हातावर चोळून पुढं करत होता. वन्संनी पोत्याची घडी आगटीवर तापवली, माझ्या गुडघ्यांवर ठेवली, आणि माझ्या नडगीवर वीत टाकून मापं घ्यायला लागल्या.

"आता हे काय?" मी विचारलं.

"मागच्या सीटला पण दोन करायला सांगते."

"वन्सं, सत्तरी उलटलेल्या बाईच्या पायांसाठी कशाला एवढा खटाटोप? तुमचे गुडघे वाचले, गाडी राहिली. तुम्ही येत जा मजेत, मी एसटीनं मागून येईन."

त्यांनी वीत उचलली नाही, मानही वर केली नाही. पोतं निवत आलं होतं, ते उलटं करून त्यांनी पुन्हा माझ्या गुडघ्यांवर दाबलं.

"एकटीनंच यायचं असतं, तर गाडी मी कवाच विकली असती, वहिनी."