अठरा फुटांचा रस्ता

आमच्या वस्तीवरून जाणारा डांबरी रस्ता अठरा फुटांचा आहे. मी तो टेप लावून मोजला आहे. उसाने भरलेली ट्रॉली, दोन्ही अंगांनी बाहेर आलेली उसाची टोकं धरून, नऊ फूट भरते. चारचाकी गाडी आरशांसकट सहा फूट. आणि माझ्या वडिलांच्या सायकलीवर आडवा बांधलेला चाऱ्याचा भारा पाच फूट. नऊ, सहा आणि पाच मिळून वीस होतात. ही तिन्ही एका वेळी एका जागी आली तर कुणाला तरी रस्त्याबाहेर जावं लागणार. ते वडिलांना जावं लागलं.

वस्ती शेळगावची. तिथे आमचं दीड एकर डाळिंब आहे. वडिलांना सगळे आबा म्हणतात, आम्हीही. मी नोकरीसाठी बारामतीला आलो, जळोचीत घर बांधलं, आणि रविवारी गाडीने शेळगावला जातो. आई गेल्यापासून आबा तिथे एकटे राहतात. एकटे म्हणजे ते आणि आईची म्हैस.

ही म्हैस आईने रेडकू असल्यापासून वाढवलेली. आई गेल्यावर कितीतरी दिवस तिने आबांना कासेला हात लावू दिला नाही. शेवटी आबा आईची साडी खांद्यावर टाकून धारेला बसले, तेव्हा कुठे तिने पान्हा सोडला. तेव्हापासून ती साडी गोठ्यातल्या खुंटीवरच असायची. आबा ती स्वतः धुवायचे, पण साबण लावायचे नाहीत.

मी त्यांना जळोचीला चला म्हणून अनेकदा म्हणालो. एकदा ते म्हणाले, "म्हस कुठं बांधू, तुझ्या पार्किंगमधी?" मग त्यांनीच पुढे सांगितलं, "जवर माझ्यानं सायकलीवर चारा आणणं हुतंय, तवर ती हितं. न्हाय झालं की तू म्हणशील तसं." त्या दिवसापासून माझ्या मनात म्हैस, सायकल आणि आबा या तीन गोष्टी वेगळ्या राहिल्या नाहीत.

डाळिंबाच्या रानात चारा होत नाही. एरवी शेजारच्यांकडून मका किंवा घास मिळायचा आणि ऊसतोडीच्या हंगामात वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा हिरवा पाला. जिथे फड चालू असेल तिथे आबा जायचे, तोडणीवाल्यांकडून वाढं घ्यायचे, भारा बांधून कॅरेजवर आडवा टाकायचे आणि सायकल मारत घरी यायचे. भारा उभा बांधला तर टाचा अडकतात आणि पुढचं चाक उचलतं, म्हणून आमच्याकडे सगळे तो आडवाच बांधतात. आता असे बांधणारे फार उरलेले नाहीत. बहुतेकांचा चारा मोटारसायकलवर नाहीतर पिकअपमध्ये येतो.

रस्ता कच्चा होता तोवर कुणाची तक्रार नव्हती, कारण सगळेच सावकाश जायचे. मग डांबर पडलं, त्यावर आणखी एक थर पडला, आणि हमरस्त्याकडे जाणाऱ्यांना ही जवळची वाट सापडली. डांबराची उंची वाढली, पण कडेची साईडपट्टी खालीच राहिली. दोन्हींत वीतभर फरक आहे. भरलेली सायकल एकदा खाली उतरली की मागून कुणी रेटल्याशिवाय वर चढत नाही. म्हणून आबा डांबर सोडत नसत. मागून हॉर्न वाजत राहायचे आणि आबा आपल्या चालीने जात राहायचे.

टोमणे रोजचेच होते. एका पिकअपवाल्याने काच खाली करून विचारलं होतं, "आबा, रस्ता सातबाऱ्यावर चढवलाय काय?" आबांनी सायकल न थांबवता सांगितलं, "तुझं बी नाव न्हाय लागलं त्यावर अजून." मोटारसायकलवरची पोरं भाऱ्याचं पासिंग केलंय का विचारायची. हे सगळं आबा घरी येऊन हसत सांगायचे. काही जण गाडी इतकी चिकटून न्यायचे की भाऱ्यातली पानं आरशात अडकून तुटायची. हे मात्र आबा सांगत नसत. ते मला शेजाऱ्यांकडून कळायचं.

मी स्वतः गाडी चालवतो, त्यामुळे दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. समोरचं ऊन डोळ्यांत येत असताना पुढे पाच फुटांचा हिरवा भारा हलत असला की माणूस दिसतच नाही. हॉर्न दिला तरी हलत नाही म्हटल्यावर डोकं तापतं. जळोचीहून कन्हेरीच्या बाजूला सकाळी हौशी सायकलवाले निघतात, हेल्मेट घातलेले, मागे लाल दिवा लुकलुकत असलेले. गाडीवाले त्यांच्यावरही चरफडतात, पण वेग कमी करतात. माझा एक सहकारी त्यांच्यात आहे. गाड्या कोपर घासून जातात अशी त्याचीही तक्रार असते. मी आबांचं सांगितल्यावर त्याने त्यांच्यासाठी अंधारात चमकणारं एक नारिंगी जाकीट दिलं. आबांनी ते थोडे दिवस घातलं आणि मग खुंटीला टांगलं. म्हणाले, "हे घातलं की लोक मला रस्त्याच्या कामावरचा समजून थांबत्यात, आन् म्होरलं काम कवा हुणार ते इचारत्यात." त्याऐवजी त्यांनी भाऱ्याच्या दोन्ही टोकांना लाल फडकी बांधली.

त्या रस्त्यावर एकच जण असा होता, जो आबांना आधी जाऊ द्यायचा. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तो कारखान्याला ऊस वाहतो, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. लहानपणी त्याला आबांनीच सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत पोचवलं होतं. समोरून भरलेला ट्रॅक्टर आला की आबा उतरून सायकल धरून कडेला उभे राहत. हा मात्र लांबूनच ओळखायचा, ट्रॅक्टर हळू करून पार आपल्या कडेला दाबायचा आणि उजवा हात बाहेर काढून दोनदा हलवायचा. म्हणजे, या आबा, तुम्ही आधी निघा. मग आबा पेडलवर पाय ठेवायचे. जाता जाता एकमेकांची थट्टा व्हायची.

आमच्याकडे ट्रॅक्टरला दिवे असले तरी मागच्या गाडीला साईड हातानेच देतात. ट्रॅक्टर कडेला दाबायचा, उजवा हात बाहेर काढून हलवायचा. वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. आबांनी आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलं नाही.

हंगाम सरत आला होता. दुपारची वेळ. आबा फडावरून भारा घेऊन निघाले होते आणि समोरून शेजाऱ्यांचा तो मुलगा भरलेल्या ट्रॉल्या घेऊन येत होता. आबा नेहमीसारखे उतरून उभे राहिले. त्याने ट्रॅक्टर हळू केला, कडेला दाबला आणि हात बाहेर काढला. आबा सायकलवर बसले आणि निघाले. त्याच वेळी ट्रॉल्यांच्या मागची एक गाडी साईड मिळाली म्हणून बाहेर आली. गाडीवाल्याने ब्रेक दाबला, पण भाऱ्याचं टोक गाडीला लागलं. सायकल गर्रकन फिरली आणि आबा साईडपट्टीवरून खाली पाण्याच्या चारीत पडले.

गाडीवाला पळून गेला नाही. बायको आणि लहान मुलगी सोबत होती, तरी त्यानेच आबांना मागच्या सीटवर निजवून इंदापूरला दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा तो बाहेर बाकावर बसला होता. शर्टाला वाढ्याची कुसळं चिकटलेली होती. त्याने मला परत परत एवढंच सांगितलं, की ट्रॅक्टरवाल्याने साईड दिली म्हणून मी निघालो. रागावण्याच्या तयारीने मी आलो होतो, पण त्याच्याकडे बघून ते जमलं नाही.

आबांचं मनगट आणि गळपट्टीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाडं नीट जुळतील, नंतर सगळी कामं करता येतील. सायकलसुद्धा, असं मी मुद्दाम विचारून घेतलं. मी रजा काढून वस्तीवर राहिलो. म्हैस मला धार काढू देईना. आईची साडी मी खांद्यावर घेतली तरी नाही. आबा गळ्यात हात अडकवून शेजारी उभे राहायचे, तेव्हा थोडंफार दूध यायचं.

तो ट्रॅक्टरवाला रोज फडावरून वाढं आणून गोठ्यापुढे टाकायचा आणि तसाच निघून जायचा. एकदा आबांनी त्याला हाक मारून बाजेशी बसवलं. मी दारात होतो.

आबा म्हणाले, "लेका, एक खरं सांग. त्या दिशी तू हात कुणाला केला हुतास?"

तो म्हशीकडे बघायला लागला. मग म्हणाला, "मागच्या गाडीला, आबा."

"मला न्हाय?"

"न्हाय. तुमी उभंच ऱ्हाणार असं वाटलं मला."

आबांनी मान हलवली. "व्हय," ते म्हणाले. "मग माझंच बघायचं चुकलं."

तो उठून गेल्यावर आबा मला म्हणाले, "आता मला दिसतंय तसं असत न्हाय. म्हशीला गिऱ्हाईक बघ." मी म्हणालो, चारा घरपोच द्यायला माणूस ठेवू. ते म्हणाले, ठरलं होतं ते ठरलं होतं.

कन्हेरीच्या एका घराने म्हैस घेतली. घर चांगलं आहे, आणखी दोन म्हशी आहेत, रानात गवत आहे. हे सगळं मी आधी जाऊन पाहून आलो होतो. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून त्यांनी येताना आपलं दावं आणलं. आबांनी एका हाताने जुनं दावं सोडायला घेतलं, पण गाठ सुटेना आणि ते मला हात लावू देईनात. सुटल्यावर त्यांनी ते सायकलच्या हँडलला अडकवलं. पिकअप निघताना म्हैस एकदा ओरडली. मला वाटलं होतं, आई तिला द्यायची तशी हाळी आबा देतील. त्यांनी खुंटीवरची साडी काढून घडी घातली आणि ते आत गेले.

पुढच्या हंगामात एका रविवारी मी वस्तीकडे जात असताना पुढे त्या ट्रॅक्टरवाल्याच्या भरलेल्या ट्रॉल्या होत्या. त्याने ट्रॅक्टर दाबून हात बाहेर काढला. मला पुढे जाववेना, मी मागेच राहिलो. थोड्या वेळाने त्याने एका टपरीपाशी ट्रॅक्टर थांबवला आणि उतरून माझ्या काचेशी आला. चहा घेता घेता त्याने जे सांगितलं ते मी तेव्हापासून जवळ बाळगून आहे.

तो म्हणाला, "भाऊ, हात म्या आबांनाच केला हुता. रोज करतो तसाच. मागं गाडी हाय ह्ये मला दिसलंच न्हवतं, दोन ट्रॉल्यांचा ऊस मधी."

मी विचारलं, मग तसं का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर हाड जुळल्याबरोबर आबा भारा घिऊन रस्त्याव. त्यांचं चुकलंच न्हवतं तर त्यांनी सायकल कशापायी सोडली असती? म्या चारीतनं उचललंय त्यास्नी. पुन्यांदा उचलायला लागंल अशी भीती वाटली."

मग कप ठेवत म्हणाला, "आता सांगायचं का न्हाय ते तुमी बघा."

मी अजून सांगितलेलं नाही. म्हैस आता कन्हेरीत व्यालेली आहे. ती परत येणार नाही, आणि आबा दुसरी घेणार नाहीत. रस्ता अठरा फुटांचाच आहे. पण त्यांचे डोळे त्यांना फसवत नव्हते, त्यांनी जे पाहिलं ते तसंच होतं, हे त्या घरात मला ठाऊक आहे, त्यांना नाही, आणि दर रविवारी मी ते तसंच घेऊन परत जळोचीला येतो.

आबा हल्ली दुपारी रस्त्याकडेच्या लिंबाखाली बाज टाकून बसतात. मागच्या रविवारी मी शेजारी होतो. तो ट्रॅक्टर घेऊन आला, लांबूनच हळू केला, आणि आबांकडे बघत हात बाहेर काढून दोनदा हलवला. ट्रॉल्या पुढे सरकल्या. मागे लांबवर रस्ता मोकळा होता. आबांनी हात वर केला नाही. ते बाजेवर कोपर टेकून वाकले आणि तो हात कुणाला केला ते बघायला, ट्रॉल्यांच्या मागे कुठली गाडी येतेय ते शोधत राहिले.