सामान्य झीज वगळता

एका शाळेसाठी अनुदान मागणारा अर्ज मी जहाज भाड्याने घेण्याच्या करारावरून उतरवून काढला आणि वाचून न बघता पाठवून दिला.

बहारिनमधल्या मीना सलमान बंदराजवळच्या एका शिपिंग एजन्सीत मी कागदपत्रं बघतो. जहाज कोणाचं, कोणी किती महिन्यांसाठी घेतलं, परत कुठे द्यायचं, हे इंग्रजीत लिहिणं म्हणजे माझी नोकरी. रोज इंग्रजीत लिहिणाऱ्या माणसाला हळूहळू आपल्याला इंग्रजी येतं असं वाटायला लागतं. मला तर फारच वाटायचं. माहूजमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला एचआरला पत्र लिहायचं असलं, की बोलावणं यायच्या आत मी पेन घेऊन हजर.

ही कीर्ती सनद नावाच्या भागातल्या खालांपर्यंत गेली. खाला मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. तिकडे उर्दू शाळेत शिकवायच्या. इथे त्यांनी रीतसर परवाना काढून एका व्हिलाच्या तळमजल्यावर शाळा चालवली होती. बापाची नोकरी गेली, व्हिसा अडकला, शाळेतून नाव कटलं आणि पोर घरी बसलं, अशा मुलांसाठी. दोन खोल्या आणि एक किचन. सगळ्यात लहान मुलं किचनमध्ये बसत. पाढे फ्रिजच्या दारावर मार्करने लिहिलेले असत, आणि खालांनी दूध काढायला दार उघडलं की सातचा पाढा भिंतीकडे तोंड करायचा. पोरंच काय, सगळेच त्यांना ‘खाला’, म्हणजे मावशी, म्हणत, मी सुद्धा.

आणखी सतरा मुलं जागेची वाट बघत होती. वरचा मजला रिकामा होता. पण मालकाकडे एक ब्यूटी पार्लरवालीही येऊन गेली होती. पुढच्या गुरुवारपर्यंत हो की नाही सांगा, नाहीतर खलास, असं त्याने सांगून टाकलं होतं. तेवढ्यात एका खासगी निधीची जाहिरात आली: वंचित मुलांसाठी चांगल्या चाललेल्या चार्टर स्कूल वाढवायला अनुदान.

“अर्जाला चार्टर जोडायचंय म्हणतायत,” खाला म्हणाल्या. “ते काय असतं ओ भाऊ?”

मी मोठ्यांदा हसलो. ते हसणं आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

“चार्टर? अहो खाला, मी दिवसाला दोन करतो!”

आमच्या धंद्यात चार्टर म्हणजे जहाज भाड्याने घेण्याचा करार. दुसरा अर्थ असू शकतो ही शंकासुद्धा मला चाटून गेली नाही. निधीवाले तीन वर्षांसाठी शाळा भाड्याने घेणार, वापरणार आणि परत देणार, असं मी धरून चाललो. जरा विचित्र वाटलं, नाही असं नाही. पण इथे गाडी भाड्याची, घर भाड्याचं, एकदा तर एका लग्नात नवरदेवाचा फेटाही भाड्याचा पाहिलेला. मग शाळेने काय घोडं मारलं?

ऑफिसातला तयार करार घेतला. खालांनी मुलांबद्दल दोन पानं कळवळून लिहून दिली होती, ती त्यातच चिकटवली. मग कॉम्प्युटरला हुकूम दिला, जिथे जिथे ‘शिप’ असेल तिथे ‘स्कूल’ कर. ‘कार्गो’चे ‘स्टुडंट्स’ कर. ‘क्रू’चे ‘टीचर्स’ कर. तीन टिचक्यांत काम फत्ते. मी स्वतःसाठी चहा केला, साखर जास्त घातली, आणि तो अर्ज पाठवून दिला.

चार दिवसांनी निधीच्या ऑफिसातून फोन आला. बुधवारी शाळा बघायला येतो, अर्जाबद्दल थोडं बोलायचंही आहे. म्हणजे निवड झालीच की! घरी येऊन मी तेरा वर्षांच्या मुलीला अर्ज दाखवला. बापाने काय लिहिलंय ते बघ म्हटलं. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते. तिने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग उशीत तोंड खुपसून हसायला लागली.

“बाबा, व्हॉट इज अ हार्डस्कूल?”

“काय?”

“‘फॅमिलीज इन फायनान्शियल हार्डस्कूल.’ अँड हिअर, ‘स्कॉलरस्कूल’. अँड फ्रेंडस्कूल!”

हार्डशिपमध्ये शिप असतं. स्कॉलरशिपमध्ये असतं. फ्रेंडशिपमध्ये असतं. कॉम्प्युटरने माझा हुकूम माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे पाळला होता.

तिथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पुढे लिहिलं होतं की स्कूल समुद्रात तरंगण्यास योग्य स्थितीत ताब्यात दिली जाईल. स्टुडंट्स कोरडे आणि नीट रचून ठेवण्यात येतील. वादळात स्कूल वाचवण्यासाठी काही स्टुडंट्स समुद्रात टाकण्याचा अधिकार मास्टरला, म्हणजे कप्तानाला, राहील. आणि शेवटचं कलम: मुदत संपल्यावर स्टुडंट्स, सामान्य झीज वगळता, मिळाले त्याच स्थितीत परत करण्यात येतील.

“चार्टर म्हणजे मग काय?” मी अगदी बारीक आवाजात विचारलं.

तिने डोळे पुसत सांगितलं त्याचा मतलब एवढाच, की ती लेखी हमी असते. पैसा देणारा दुसरा, शाळा चालवणारे तुम्ही, आणि मुलं काय शिकतील ते सहीनिशी आधी सांगायचं. नाही शिकवलं तर शाळा बंद.

थोडक्यात, जिथे मुलं काय शिकतील ते लिहायचं होतं, तिथे मी त्यांना समुद्रात टाकलं होतं.

मी तसाच सनदला गेलो. खाला किचनमध्ये पेपर तपासत होत्या. मी सगळं सांगितलं, कलमं वाचून दाखवली. मला वाटलं रडतील, किंवा मला हाकलतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“समुद्रात कोणाला टाकायचं ते मास्टरने ठरवायचं ना?”

“हो.”

“मास्टर म्हणजे मीच ना?”

“हो, खाला.”

“मग एक नाव आत्ताच सुचलंय.”

एवढं बोलून त्या जे हसायला लागल्या, ते टेबलाला धरून हसल्या. मीही हसलो. मग दोघांचं हसू एकदमच ओसरलं, कारण खालांचं लक्ष फळीवरच्या यादीकडे गेलं. सतरा नावं. गुरुवार.

“दुसरा अर्ज पाठवू?” मी म्हणालो.

“मुदत गेली. आता बुधवारी तोंडाने सांगायचं. मी सांगेन,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गप्प उभे राहा. जमेल ना?”

बुधवारी निधीच्या मॅडम आल्या. बहारिनी, काळा अबाया, खाली पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज, हातात माझा अर्ज. अर्जाला पिवळ्या चिठ्ठ्या इतक्या लावलेल्या, की तो पिसं फुटल्यासारखा दिसत होता. त्यांनी खोल्या पाहिल्या, वरचा रिकामा मजला पाहिला. किचनमध्ये फ्रिजसमोर उभ्या राहून सातचा पाढा वाचला. मग आमच्यासमोर बसल्या आणि चांगल्या हिंदीत बोलायला लागल्या. त्यांच्या ऑफिसात निम्मे आपलेच होते म्हणे.

“ऑफिसमध्ये हा अर्ज आम्ही मोठ्याने वाचला,” त्या म्हणाल्या. “दोनदा. दुसऱ्यांदा शेजारच्या डिपार्टमेंटला बोलावून.”

मी गप्प उभा होतो. जमत होतं.

“पण एक गोष्ट मला खरंच विचारायची आहे. तुम्ही लिहिलंय, मुलं मिळाली तशीच परत देऊ. तीन वर्षांनी तशीच परत येणार असतील, तर मी पैसे कशासाठी देऊ?”

माझ्या तोंडापर्यंत काहीतरी आलं होतं. खालांनी न बघता हाताने थांबवलं.

“तशी नाही देत, मॅडम,” खाला त्यांच्या रत्नागिरी हिंदीत म्हणाल्या. “येतात तेव्हा बाथरूम कुठे आहे हेसुद्धा विचारत नाहीत. दोन दोन वर्षं घरात बसलेली असतात ना, आवाजच निघत नाही. सहा महिन्यांनी माझ्याशी भांडतात. खाला, तुम्ही गणित चुकवलं, म्हणतात. मग मी त्यांना मोठ्या शाळेत पाठवते. गेल्या वर्षी पाचजण गेले, एकही परत आला नाही. झीज लिहिलीये ना त्यात? ती माझी होते. मुलांची नाही.”

मॅडमनी खालांकडे बघितलं. मग आतल्या खोलीतून एक बारीक आवाज खरोखरच ओरडला, “खाला! सहा सत्ते बेचाळीस होतात, तुम्ही चव्वेचाळीस लिहिलंय!”

हे ठरवून केलेलं नव्हतं. खालांचा चेहरा पडला त्यावरूनच ते कळलं. मॅडम मात्र इतक्या हसल्या, की चिठ्ठ्या गळून खाली पडल्या.

“यल्ला, चला,” त्या उठत म्हणाल्या. “हे लिहून द्या. आत्ता. तुम्ही बोललात तसंच. मी इथे थांबते.”

मी झटकन खिशातलं पेन काढलं. मॅडमनी ते माझ्या हातातून घेतलं आणि खालांच्या हातात दिलं. खालांनी पान भरून लिहिलं. मधे एका शब्दाचं स्पेलिंग त्यांनी विचारलं, तेही आतल्या मुलाला.

गुरुवारी दुपारी मंजुरीचा मेल आला. संध्याकाळी खालांनी मालकाला होकार कळवला आणि ब्यूटी पार्लर दूर हिद्द भागात गेलं. शुक्रवारी आम्ही सगळे वरच्या मजल्यावर बाकं चढवत होतो. सतरांपैकी बारा मुलं आईबापांसकट आली होती. कोणी खिडक्या पुसत होतं, कोणी नुसतंच त्या मोठ्या रिकाम्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत होतं, आणि खाला कोणालाच थांबवत नव्हत्या. मलाही धावावंसं वाटत होतं. दोन बाकं मी एकट्याने चढवली, तिसऱ्याला पाठ धरली.

पाठ चोळत, आनंदाच्या भरात, मी खालांना म्हणालो, “आता वर्ग वाढलेत, तुम्हाला माणसं लागतील. मी शनिवारी येत जाईन. फुकट. इंग्रजी शिकवतो मुलांना.”

खालांनी पोरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“नको ओ भाऊ,” त्या म्हणाल्या. “ही पोरं आधीच दोन वर्षं मागे पडलीयेत.”