दाराकडे आलेला उतार

"उतार दाराकडं आलाय की वो."

"ऱ्हाऊ दे. बायका हायत घरात, वायपर मारतील."

मी पॅसेजमध्ये चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आत, आमच्या अर्ध्या झालेल्या बाथरूममध्ये, फरशीचे दोन मिस्त्री माझ्याकडे पाठ करून उकिडवे बसले होते. दोघांतल्या थोरल्यांच्या हातात रबरी हातोडी होती. दुसऱ्यानं नुकत्याच बसवलेल्या फरशीवर लेव्हलची पट्टी ठेवली होती आणि तो वाकून तिच्यातला बुडबुडा बघत होता.

"पाण्याच्या जाळीकडं खाली न्यायला जागा कुठाय?" थोरले म्हणाले. "पाईप हाय तिथं. त्यो फोडून खाली घ्यायचा म्हंजे आणि दोन दिवस गेलं. मालकाला उद्या काम पुरं पायजे."

दुसऱ्यानं पट्टी उचलून भिंतीला टेकवली आणि पुढच्या फरशीला सिमेंट लावायला घेतलं. मी मुद्दाम चप्पल वाजवली.

"या ताई, ठेवा हितंच." थोरल्यांनी बशीत चहा ओतून घोट घेतला. "आज साखर बरी पडलीया. काल निस्तं गरम पाणी हुतं."

मी हसले. ट्रे घेतला आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिले. मला जे बोलायचं होतं ते वाक्य तोंडात तयार होतं, आणि हातोडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ते बोलणं आणखी अवघड होत होतं.

हे बाथरूम मम्मीसाठी चाललं होतं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती अजून दवाखान्यात होती. पप्पा तिच्याजवळ राहायचे. कसबा बावड्यातल्या आमच्या घरात जुनं बाथरूम होतं ते शहाबादी फरशीचं, बाहेर उंच उंबरा आणि शेजारी वेगळा बसायचा संडास. ती घरी येईल तेव्हा तिला खाली बसता येणार नव्हतं आणि उंबराही ओलांडता येणार नव्हता. म्हणून मधली भिंत पाडून दोन्ही एक करायचं, कमोड बसवायचा, असं ठरलं. उंबरा काढून टाकायची कल्पना माझी होती. वॉकर सरळ आत गेला पाहिजे, असं मी पप्पांना सांगितलं, पप्पांनी मामांना सांगितलं, आणि मामांना ते पटलं.

मला नंतर तेच सारखं आठवत होतं. उंबरा असता तर पाणी तिथं अडलं असतं. आता बाथरूममधलं पाणी आणि आमचा पॅसेज यांच्यामध्ये फक्त उतार होता, आणि तो उलटा आला होता.

पैसे देऊन माणूस लावला असता तर कदाचित मी बोलले असते. हेही नक्की सांगता येत नाही. पण हे काम मामांनी घेतलं होतं. मामा कोडोलीचे. शेती बघून घरबांधणीची कामं घेतात. मम्मीचे ते थोरले भाऊ. ऑपरेशनचं कळल्यावर ते आमच्या हॉलमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "दाजी, त्या न्हाणीचं तुम्ही बघायचं न्हाय. ही माझी भाऊबीज." पप्पा नको नको म्हणाले. मामा म्हणाले, "बहिणीच्या ताटात काय घालायचं ते भावानं ठरवायचं. तुम्ही चहा सांगा."

ओवाळणीच्या ताटात कोणी काय घातलं यावर बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. साडीचा रंग आवडला नाही तरी ती नेसायची असते. मम्मीच्या कपाटात मामांनी दिलेल्या अशा बऱ्याच साड्या आहेत. ती त्या सगळ्या नेसते.

कामाला सुरुवात व्हायच्या आधी मी मोबाईलवर जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं होतं. बाथरूम नवीन करताना लोक काय काय चुकतात, याचे इंग्रजी लेख आणि व्हिडिओ. गुळगुळीत फरशी घेऊ नका. कमोडच्या बाजूला धरायचा दांडा फरशी बसवण्याआधी ठरवा. फरशीखाली वॉटरप्रूफिंग केल्यावर पाणी साठवून बघा. आणि उतार, जाळीकडे, सगळीकडून. मी त्यातले दोन व्हिडिओ मामांना पाठवले. त्यांनी अंगठा पाठवला आणि त्यानंतर गुलाबाच्या फुलाखाली शुभ सकाळ लिहिलेलं चित्र.

तरी माझं एक म्हणणं पोचलं होतं. मामांनी पसंत केलेली फरशी आरशासारखी चकचकीत होती. मी पप्पांना फोटो दाखवला, पप्पांनी डॉक्टरांचं नाव पुढं केलं, "डॉक्टर म्हणत होते खरखरीत घ्या," आणि मामांनी फरशी बदलून आणली. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. आमच्या घरात माझं म्हणणं असंच फिरून जायचं. लहानपणापासून मला कोणी काही विचारलं की उत्तर मम्मी द्यायची. शाळा कुठली, कितवीला, जेवलीस का. मामा चिडवायचे, "ह्या मॅडमला बोलायचं तिकीट लागतंय." माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि कोडोलीला गेलं की माझ्या प्रत्येक वाक्यावर मामेभावंडं हसायची. मी "मला पाणी हवंय" म्हणाले तरी. मग मी स्वतःच तांब्या घेऊन पाणी प्यायला शिकले.

आत्ता घरात उत्तर देणारं कोणी नव्हतं. मी घरूनच ऑफिसचं काम करते. त्या आठवड्यात मीटिंगमध्ये तोडफोडीच्या आवाजामुळे मला माईक बंद ठेवता येत होता, आणि खरं सांगायचं तर तेवढीच एक गोष्ट मला बरी वाटत होती.

संध्याकाळी मिस्त्री गेले. जाताना त्यांनी दारात आडवी फळी लावली आणि सांगितलं, "उद्या सकाळपतूर पाय ठेवू नका. मग सांधं भरलं की झालं तुमचं बाथरूम." फरशी अगदी सरळ दिसत होती. मी फळीच्या अलीकडे गुडघ्यावर बसून गाल जमिनीला लावला आणि एक डोळा मिटून पाहिलं. काही कळलं नाही. मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं असेल. मग आठवलं की बुडबुडा मी नाही, मिस्त्रीनं पाहिला होता.

एका व्हिडिओत दाखवलं होतं की ताजी फरशी सहज उचलता येते. सिमेंट एकदा धरलं की मग ती फोडावी लागते. म्हणजे मी जेवढा वेळ गप्प बसले होते तेवढी ती घट्ट होत होती. भात लावला तेव्हाही, ऑफिसचे मेल पाहत होते तेव्हाही.

मी पप्पांना फोन केला. सगळं सांगितलं. मागे कुणाच्या तरी स्ट्रेचरची चाकं वाजत होती.

"किती उतार आलाय?"

"माहीत नाही. पण दाराकडं आलाय."

"थोडंसं असेल तर चालतंय गं. पुसून घ्यायचं."

"पप्पा, तुम्ही मामांना सांगा ना."

"मी कसं सांगू? त्यानं एक पैसा घेतला नाही. मी जावई माणूस, मी नावं ठेवली तर तो आयुष्यभर लक्षात ठेवेल." मग जरा हळू आवाजात, "तुझं ऐकेल तो. भाचीचं वाईट नाही वाटत."

फोन त्यांनी मम्मीकडे दिला. ती औषधांमुळे थकल्यासारखी बोलत होती. "झालं का गं बाथरूम? दादा म्हणाला उद्या दाखवतो म्हणून. मला शॉवर-बिवर नको हं. बादली पाहिजे. तांब्यानं अंगावर पाणी घेतल्याशिवाय मला अंघोळ झाल्यासारखं वाटत नाही."

मला माहीत होतं. मम्मी तांब्या भरून खांद्यावर ओतते तेव्हा पाणी चारी भिंतींना जातं.

जेवण झाल्यावर मी मामांना मेसेज लिहायला घेतला. मामा, एक सांगायचं होतं. खोडलं. मामा, फरशी छान झालीय पण. खोडलं. 'पण' या शब्दाच्या पुढं मला जाताच येत नव्हतं. इंग्रजीत लिहून पाहिलं, तर ते एखाद्या कंपनीला पाठवलेल्या तक्रारीसारखं वाटायला लागलं. तेवढ्यात मामांचाच फोन आला.

"काय गं? कवाधरनं टायपिंग, टायपिंग दिसतंय. काय पुस्तक लिवाय लागलीस व्हय?"

"नाही मामा."

"मग? काय पायजे का घरात? एकटी हाईस, भ्यालीस काय?"

"नाही. चहापावडर संपलीय," मी म्हणाले.

"अगं मग असं सांगायचं की. आणतो सकाळी."

सकाळी मामा आले ते चहापावडरचं मोठं पाकीट घेऊन. दुसऱ्या हातात एक उंच पाट होता, सागवानी, चार पायांचा, खुर्चीएवढा. कोडोलीच्या सुताराकडून त्यांनी तो करून घेतला होता. "दवाखान्यातलं ते प्लॅस्टिकचं स्टूल न्हाय ठेवायचं. ह्याच्यावर बसून अंघोळ करंल माझी बहीण. हलतंय काय बघ." मी हलवून पाहिला. हलत नव्हता. पायांच्या खाली त्यांनी रबर लावून घेतलं होतं. या माणसाला मी काय सांगणार होते?

पप्पाही थोड्या वेळासाठी घरी आले होते, कपडे घ्यायला. मिस्त्री आले, फळी काढली, आणि थोरले म्हणाले, "बघा मालक, कसं झालंय."

खरंच छान दिसत होतं. भिंतीला मोतिया रंगाच्या टाइल्स, कमोडशेजारी स्टीलचा दांडा, खालचा नळ बादली बसेल एवढ्या उंचीवर. मामांनी दांड्याला धरून सगळं वजन टाकून पाहिलं. "म्हैस बांधली तरी निघायचा न्हाय." पप्पा हसले. मिस्त्रीही हसले. मी दारात उभी होते.

"थांबा, पाणी मारून बघू," मामा म्हणाले.

मला वाटलं, सुटले. आता मला काही बोलावं लागणार नाही. पाणीच सांगेल.

मामांनी बादली भरली, पाट मधोमध ठेवला, आणि मम्मी ओतते तसा तांब्या भरून पाटावर ओतला. एक, मग आणखी एक. पाणी पाटाखाली पसरलं, क्षणभर जागच्या जागी थांबलं, आणि मग हळूहळू आमच्या दिशेनं यायला लागलं. जाळी कोपऱ्यात कोरडी होती. दारापाशी पाण्याची एक पातळ जीभ तयार झाली, पॅसेजमध्ये आली, आणि माझ्या चपलेच्या टोकाला लागली.

दुसरा मिस्त्री भिंतीच्या सांध्यावरून बोट फिरवायला लागला.

"सांधं भरल्याव कमी येतंय," थोरले म्हणाले.

मामा पाण्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी आयुष्यभर घरं बांधली आहेत, त्यांना कळणारच. त्यांचा चेहरा उतरलेला मी बघितला, आणि मग तो त्यांनी परत सारखा केला.

"येतंय जरा," ते म्हणाले. "काय दाजी, एक पायपुसणं टाकलं की झालं."

"हो, हो," पप्पा म्हणाले. "तेवढं काय."

"वाळतंय की लगेच," थोरले म्हणाले.

तिघांचं ठरून गेलं. एवढ्या पटकन, की मला त्यात शिरायला जागाच राहिली नाही. तेवढ्यात मामांच्या खिशातला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मम्मी.

"दादा, दाखव की," ती म्हणाली. उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले. नर्सला सांगून विंचरून घेतले असणार, मामा बघणार म्हणून.

मामांनी फोन बाथरूमच्या आत धरला. भिंत, नळ, दांडा, आरसा. "ही बघ टाइल. आणि ह्यो बघ तुझा पाट." मम्मीनं पदर डोळ्यांना लावला. "दादा, केवढं केलंस रे माझ्यासाठी."

"गप. रडू नगंस, टाके दुखत्याल."

"खालची फरशी दाखव की. खरखरीत आहे ना? मला पडायचीच भीती वाटतीय बघ. स्वप्नातपण पडते मी."

"हाय, हाय. एक नंबर फरशी हाय," मामा म्हणाले, आणि फोन आणखी वर, छताजवळच्या खिडकीकडे फिरवला. "ही खिडकी बघ आधी. वारा कसा येतोय."

पाणी माझ्या चपलेखाली गेलं होतं. पप्पा बॅगेच्या चेनशी खेळत होते. मिस्त्री पट्टी पोत्यात भरत होते. मम्मी फोनमधून खिडकी बघून छान, छान म्हणत होती. माझे कान इतके गरम झाले होते की मला माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"मामा, फोन खाली घ्या. मम्मीला पाणी दाखवा. ते दाराकडं येतंय, ती इथंच पडेल. ही फरशी काढायला लागणार."