व्हर्नाचे सात साहेब

केसलर फॉल्सच्या केंद्रीय कचेरीत व्हर्ना ओडगार्ड एकतीस वर्षं एकाच टेबलाशी बसली. टेबल तेच, खिडकी तीच, खिडकीतून दिसणारी धान्याची उंच कोठारंही तीच. बदलत गेले ते आतल्या खोलीतले साहेब. त्या खोलीत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील बसायचा. त्याला राष्ट्राध्यक्ष नेमायचा, त्यामुळे राष्ट्राध्यक्ष बदलला की याचंही बस्तान हलायचं. हाताखालचे वीस-बावीस वकील मात्र कायमच्या नोकरीतले. ते, व्हर्ना आणि झेरॉक्सचं मशीन जागच्या जागी राहायचे.

या जाण्याचं व्हर्नाला भारी कुतूहल. "खुर्ची मिळाल्यावर माणूस कसा वागतो ते कुणीही सांगेल," ती नवऱ्याला, ऑर्विलला, म्हणायची, "सुटताना कसा वागतो ते मला विचार." पहिल्या साहेबांनी राजीनामा स्वतःच टाइप करायचा हट्ट धरला आणि चार ओळींत तीन चुका केल्या. दुसऱ्यांना पक्की खात्री होती की आपल्याला ठेवणार; फोन आला तेव्हा ते खोलीला द्यायच्या रंगाचे नमुने बघत होते. तिसऱ्या बाई हसतमुखानं सगळ्यांचा निरोप घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या आणि तिथं रडल्या. दार मिटायला जरा वेळ लागला, म्हणून व्हर्नाला ते दिसलं. चौथ्यांनी निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी खोकी मागवली. पाचव्यांची गंमत वेगळीच. नवा राष्ट्राध्यक्ष त्यांच्याच पक्षाचा, म्हणून ते निर्धास्त. पण पक्ष एक असला तरी नव्याला आपला माणूस हवा असतो. तेही गेले.

सहावे ड्वेन हॅलोरन. मेंढपाळाचा मुलगा, अठ्ठेचाळिशीचा, बोलणं मोजकं. हिवाळ्यात बर्फाचे बूट दाराशी काढून दिवसभर मोज्यांवर कचेरीत हिंडायचे. व्हर्नाहून तेरा वर्षांनी लहान, पण तिला कधी अगं-तुगं केलं नाही.

हॅलोरननी तिसऱ्या वर्षी एक जुनी फाइल मागवली. मिलान झेलेंका नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा लोअर बेंड धान्य कंपनीच्या कोठारात मक्याखाली गाडला जाऊन गुदमरून मेला होता. कंपनीनं लिहून दिलं होतं की कमरेचा दोर, पट्टा सगळं जागेवर होतं, दर आठवड्याला तपासणी व्हायची, पोरानंच तो बांधला नाही. फाइल तिथंच मिटली होती.

हॅलोरननी तपासणीची वही दोन दिवस वाचली आणि मोज्यांवरच बाहेर आले.

"व्हर्ना, चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मोठं बर्फाचं वादळ झालं होतं. आठवतं?"

"आठवतं म्हणजे? तीन दिवस घराचं दार उघडलं नव्हतं. हायवे बंद, शाळा बंद. आमच्या ऑर्विलनं तीन दिवस नुसते पत्ते खेळून माझं डोकं खाल्लं."

"तारीख?"

व्हर्नानं जुनी डायरी काढली. तारीख ऐकून हॅलोरननी वही तिच्यापुढं धरली. त्याच दिवशी, सकाळी आठ वाजता, कोठाराच्या व्यवस्थापकानं 'तपासणी केली, सर्व ठीक' असं लिहून सही ठोकली होती.

"गडी बर्फावरून उडत गेला वाटतं," व्हर्ना म्हणाली.

तिथून केस उभी राहिली. हॅलोरननी ती आपल्या उपप्रमुख इनेझ कोर्टराइटकडं सोपवली. इनेझ कायमच्या नोकरीतली. बावीस वर्षांपूर्वी ती नवखी म्हणून आली तेव्हा अर्ज कसा दाखल करायचा हे व्हर्नानंच तिला शिकवलं होतं. मिलानची आई लिबी झेलेंका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दर गुरुवारी पोरांची जेवणं उरकली की ती फोन करायची. वकिलांशी बोलायला बिचकायची, म्हणून व्हर्नाशीच बोलायची. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

अशात निवडणूक झाली आणि सत्ता दुसऱ्या पक्षाकडं गेली. वीस जानेवारीला, नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथेच्या दिवशी, दुपारी बारा वाजता दर्शनी भिंतीवरची राष्ट्राध्यक्षांची तसबीर उतरली. नवी यायला महिने लागतात. तोवर तिथं फिकट चौकोन तेवढा राहतो. ऑर्विल रोज संध्याकाळी विचारायचा, "काय गं, आहे का गेला तुझा साहेब?"

"आहे. तू आपले मासे पकड."

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी दहाला, वॉशिंग्टनहून फोन आला. व्हर्नानं तो आत जोडून दिला आणि घड्याळाकडं पाहिलं. दोन मिनिटंही झाली नाहीत. हॅलोरन दारात येऊन उभे राहिले.

"आज पाचपर्यंत."

"काही कारण दिलं?"

"कारण लागत नाही. नेमणारा काढू शकतो. सेवेबद्दल आभार मानले." जरा थांबून ते म्हणाले, "ड्वेनऐवजी डॅरेन म्हणाले मला."

व्हर्नाला हसू येईना आणि आवरेनाही. मग तिला झेलेंकाच्या केसची आठवण झाली. आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारे तेवीस नागरिक, म्हणजे ग्रँड ज्युरी, बुधवारी बसणार होती. अवघे पाच दिवस राहिले होते.

"आज दुपारी बोलावता येणार नाही का त्यांना?" तिनं विचारलं. "मी एकेकाला फोन करते. निम्मे तर माझ्या ओळखीचे आहेत."

"बोलावता येईल."

"मग? दोन वर्षं राबलात. कागदावर खाली तुमचं नाव नको?"

हॅलोरन खिडकीशी गेले. "शेवटचा साक्षीदार अजून नीट तयार नाही. आज घाई केली तर उद्या त्यांचा वकील कोर्टात उभा राहून म्हणेल, जाता जाता हिशेब चुकता केला. आणि ते खोटंही ठरणार नाही. नाव इनेझचं टाका."

व्हर्नानं पाच साहेबांना जाताना पाहिलं होतं. जायच्या दिवशी हातातलं काम दुसऱ्याच्या नावावर करून देणारा हा पहिलाच. हा माणूस खरंच एवढा शांत आहे, की आतून पोखरलाय, हे तिला कळेना, आणि विचारायची सोयही नव्हती.

दुपारच्या रेडिओवर बातमी आली. साडेबाराला, गुरुवार नसताना, लिबीचा फोन आला.

"व्हर्नाबाई, साहेब गेला म्हणे. म्हणजे माझ्या मिलानची केस गेली का?"

"थांबा हं जरा," म्हणून व्हर्ना आत गेली. "साहेब, झेलेंकाबाई आहेत. दोन शब्द बोलता?"

हॅलोरननी हात पुढं केला, मग मागं घेतला. "मी बोललो तर त्यांना वाटेल केस माझी होती. माझ्याबरोबर गेली. केस सरकारची आहे. इनेझला द्या. बुधवारीही तीच असणार आहे."

इनेझ वीस मिनिटं बोलली. शेवटी लिबीनं पुन्हा व्हर्नाला मागितलं. "ही बाई चांगली वाटते. पण ती राहील ना?"

"ती मी निवृत्त झाले तरी हलायची नाही."

"आणि वर जो नवा येईल तो?"

"खोटं कशाला सांगू? माहीत नाही," व्हर्ना म्हणाली. "पण तुमचा गुरुवार चुकवू नका."

पाचच्या सुमारास हॅलोरन सगळ्यांना निरोपाचं पत्र लिहीत होते. बरोबर पाचला कॉम्प्युटरनं त्यांना बाहेर काढलं, वाक्य अर्ध्यावर. ओळखपत्र, सरकारी फोन, किल्ल्या व्हर्नाच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "उरलेलं तुम्हीच सांगा. चांगले लोक आहात, एवढंच लिहायचं होतं." बूट चढवले आणि गेले.

सोमवारी व्हर्नानं प्रत्येक कागदाखालचं नाव बदललं: इनेझ कोर्टराइट, कार्यवाहक. बुधवारी ग्रँड ज्युरीनं व्यवस्थापकावर आरोप ठेवला. "म्हणजे हिला सातवी धरायची?" ऑर्विलनं विचारलं. "छे," व्हर्ना म्हणाली, "इनेझ साहेब नव्हे. इनेझ घरची."

खरा सातवा जूनमध्ये जाहीर झाला, आणि कचेरीत सगळ्यांची तोंडं पडली. लेलँड टिबेट्स हे गावातल्या मोठ्या वकिली फर्मचे भागीदार, आणि लोअर बेंड कंपनीची बाजू तीच फर्म लढवत होती.

"झालं," ऑर्विल म्हणाला, "आता कुंपणच शेत खाणार."

हा माणूस करणार तरी काय? ते बघायला व्हर्ना टपून बसली. शपथ झाली त्याच सकाळी टिबेट्सनी तिला आत बोलावलं. उंच, कडक इस्त्रीचा माणूस. त्यांनी सही केलेला एक कागद तिच्यापुढं सरकवला.

"झेलेंकाच्या केसमधून मी बाजूला आहे. तिचा एकही कागद या खोलीत येता कामा नये. माझ्यासमोर कुणी त्यावर बोलायचंही नाही. सगळा निर्णय मिस कोर्टराइटचा."

"आणि तुम्हाला काही विचारायचं असलं तर?"

"मला काही विचारायचं नसेल, मिसेस ओडगार्ड."

व्हर्नाचा विश्वास बसला नाही. आडून-आडून विचारतीलच, असं तिला वाटायचं. तीन महिने तिनं डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. एकदा दोन वकील कॉफीच्या मशीनपाशी त्या वहीबद्दल बोलत होते. टिबेट्सनी ऐकलं मात्र, अर्धा भरलेला कप तसाच घेऊन ते चालते झाले. त्या दिवशी व्हर्नानं पाळत सोडली. घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, "ऑर्विल, मी या माणसाबद्दल चुकले. मला आवडत नाही तो, पण मी चुकले."

ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहिला. निकालाच्या दिवशी व्हर्ना रजा टाकून कोर्टात गेली. खाली तपासणीच्या रांगेत एक माणूस कमरेचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवत होता. हॅलोरनच. आता ते गावातच मृत्युपत्रं आणि शेतजमिनीचे कागद करून द्यायचे. पूर्वी पहारेकरी त्यांना नुसता सलाम ठोकून सोडायचे.

"रांगेत?" व्हर्ना म्हणाली.

"आपली नाणी खिशातून काढायला विसरलो. दोनदा वाजलो," ते म्हणाले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

ज्युरीनं व्यवस्थापकाला दोषी ठरवलं. इनेझनं नुसतं खाली बघितलं. पुढच्या बाकावरची एक ठेंगणी बाई उठून मागं वळली आणि व्हर्नानं "लिबी?" म्हणताच आवाजावरून ओळखून तिच्या गळ्यातच पडली. मग डोळे पुसत लिबीनं विचारलं, "तो मागं बसलाय तो कोण गं? डोळे लाल झालेत त्याचे. त्या व्यवस्थापकाचा नातेवाईक का?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. "मिटलेली फाइल ज्यानं उघडली तो. मार्चमध्ये गेला तो."

लिबीनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं. "हा? मला वाटलं होतं म्हातारा असेल."

ती बाकांच्या मधून सरळ गेली आणि हॅलोरनशेजारी बसली. ते उठायला लागले तर हाताला धरून तिनं खाली बसवलं. काय बोलली ते व्हर्नाला ऐकू आलं नाही. ऐकायची इच्छा मात्र अनावर होती. ती दोन पावलं पुढं गेलीही, मग तिची तिलाच लाज वाटली. दाराबाहेर इनेझ कागदांची पेटी उचलायला धडपडत होती. व्हर्नानं दुसरी बाजू धरली आणि दोघी पेटी घेऊन जिना उतरू लागल्या.