सॉनात मापलेला गळा

सोत्कायार्वी गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा ओइवा मास्तर म्हणजे एक वल्ली. लग्न असो की मयत, याच्या बोटांशिवाय पान हलायचं नाही. पण जीव सगळा गाणी रचण्यात. एक गळा, एक पियानो, एवढ्यावरच मांडलेली गाणी. मात्र गावात बटाटे काढणारी माणसं. ही गाणी गाणार कोण? पन्नाशी उलटली तरी त्याचं एकही गाणं कुणी गायलं नव्हतं.

मग त्याला हेल्वी सापडली. डेअरीत लोणी काढायची, चारचौघांत तोंड उघडायची नाही. पण शनिवारी गावच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, बायकांची वेळ झाली, की तापल्या दगडांवर पाणी ओतून अशी काही गायची, की पुरुषांच्या वेळेची वाट बघत बाहेर बसलेला मास्तर बिअर प्यायची विसरायचा. तो गळा त्यानं कानानं मापला आणि थेट टिपेला जाणारं गाणं लिहिलं. हिवाळ्याआधी तळ्यातली होडी काठावर ओढतात, त्या दिवसाचं.

हेल्वी महत्प्रयासानं कबूल झाली. म्हणाली, "फजिती झाली तर मास्तर, तुमच्यासमोर पुन्हा शीळसुद्धा घालणार नाही." आणि ती शब्दाची पक्की.

फेब्रुवारीत चर्चच्या हॉलमध्ये सगळा गाव कॉफीला जमला. शेगडी पेटली होती, तरी खिडक्यांना आतून बर्फ. गाणं चढलं, चढलं आणि टिपेला जाऊन फाटलं. मागून तावेत्ती म्हातारा पुटपुटला, की बिजागरीला तेल हवंय. हेल्वीनं शाल उचलली.

मास्तरच्या आता लक्षात आलं. वाफेनं सैल झालेला गळा मापून त्यानं गारठ्यात गायचं गाणं बेतलं होतं.

"थांब हेल्वी," तो म्हणाला, "गळा बरोबर आहे, माप माझं चुकलं. ते मी सॉनाबाहेर बसून घेतलं."

पाद्रीणबाईंचा कप ओठांशी थबकला.

"बायकांच्या सॉनाला कान लावलात?" हेल्वीनं विचारलं. मास्तर कानापर्यंत लाल. तिला हसू आवरेना. "बरं, आता सूर तरी खाली आणा."

त्यानं गाणं तिथल्या तिथं बरंच खाली उतरवलं. आता हेल्वीच्या गळ्यातून ते संथ, जड निघालं. ओल्या वाळूवर होडी घासत यावी तसं. टाळी कुणी वाजवली नाही. तावेत्ती उठला, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "वाईट नव्हतं." त्याच्या तोंडून एवढं ऐकायची वाट बघत माणसं मरून जातात.

हेल्वी मास्तरजवळ येऊन बसली, कॉफीत साखर ढवळत.

"दुसरं कधी शिकवताय?" ती म्हणाली. "पण ते इथं बसून लिहा. कोट घालून."